सामान्य (जाति)

सामान्य : अनेक व्यक्तींमध्ये (म्हणजे एकेकट्या वस्तूंमध्ये) एकच असणारा, त्या नष्ट झाल्या तरी नष्ट न होणारा आणि समवाय (अविभाज्य) संबंधाने त्यांच्यात राहणारा पदार्थ. वैशेषिकांच्या सात पदार्थांत हा चौथा. गाई रंगाने, वयाने, बांध्याने कितीही वेगळ्या असल्या तरी प्रत्येक गाय पाहताच ‘ही गाय’ असे एकाच आकाराचे ज्ञान होते. या ज्ञानाला बाहेर काही आधार हवा म्हणून न्याय-वैशेषिक ‘गोत्व’ मानतात. ते गाईंमध्ये खरोखर आहे की जाणणाऱ्याच्या बुद्धीने रचलेले आहे, यावर नैयायिक व मीमांसक एका बाजूला आणि बौद्ध तार्किक दुसऱ्या बाजूला असा वाद अनेक शतके चालला. भारतीय तर्कशास्त्राला धार आली ती बऱ्याच अंशी या वादामुळे.

प्लेटोच्या आकार-सिद्धांताशी सामान्याची तुलना नेहमी केली जाते. ती जपून करावी. प्लेटोचे आकार परिपूर्ण असतात, इंद्रियांपलीकडे असतात, आणि जगातल्या वस्तू त्यांच्या अपुऱ्या प्रतिकृती ठरतात. गोत्व म्हणजे निर्दोष, आदर्श गाय असे कोणत्याही नैयायिकाने म्हटलेले नाही. लंगड्या गाईतही ते पूर्णपणे असते. शिवाय ज्या इंद्रियाने वस्तू कळते त्याच इंद्रियाने तिचे सामान्यही कळते, असा न्यायमताचा आग्रह आहे. आपण गाय डोळ्यांनी पाहतो तेव्हा गोत्वही डोळ्यांनीच पाहतो.

कणादाच्या वैशेषिकसूत्रांत सामान्य आणि विशेष हे बुद्धीच्या अपेक्षेने ठरतात, असे एक सूत्र आहे. प्रशस्तपादाने (सुमारे ६वे शतक) मात्र सामान्याला स्वतंत्र, नित्य पदार्थाचे स्थान दिले. मग परंपरेने सूत्राचा अर्थ असा लावला : द्रव्यत्व पृथ्वी, जल इत्यादींना एकत्र आणते म्हणून सामान्य आणि गुणकर्मांपासून त्यांना वेगळे काढते म्हणून विशेष, बुद्धीवर अवलंबून आहे ते हे नाव, द्रव्यत्वाचे अस्तित्व नव्हे. अर्थ कुशल आहे, पण सूत्र वाचताना प्रथम सुचणारा अर्थ हा नाही.

सामान्यालाच जाति म्हणतात. जाति म्हणजे बाह्य आकृती नव्हे, हे न्यायसूत्रांनी मातीच्या गाईच्या उदाहरणाने दाखवले. तिला गाईची आकृती आहे, पण यज्ञात गाईवर करायचे प्रोक्षण तिच्यावर कोणी करत नाही. (महाराष्ट्रात पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा होते खरी, पण औताला त्यांना कोणी जुंपत नाही.) नैयायिक उदयनाचार्यांनी (१०वे-११वे शतक) पुढे सहा ‘जातिबाधक’, म्हणजे जाति मानण्याच्या आड येणारी कारणे, सांगून सामान्य खरोखर असते या वास्तववादाला आतूनच लगाम घातला. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाति नाही. घटत्व आणि कलशत्व यांच्या व्यक्ती त्याच, म्हणून त्या दोन जाती नाहीत. जातीची जाति मानली तर अनवस्था, म्हणजे कधी न संपणारी मालिका, होते. प्रत्येक शब्दामागे वस्तू शोधण्याचा मोह आवरणारी ही शिस्त न्यायपरंपरेची फार मोठी कमाई आहे.

बौद्धांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. दिङ्नाग (सुमारे ५वे-६वे शतक) आणि धर्मकीर्ती (सुमारे ७वे शतक) यांच्या मते प्रत्यक्ष ज्ञानात केवळ ‘स्वलक्षण’ येते, म्हणजे या क्षणाची, दुसऱ्या कशाशीही न जुळणारी वस्तू. सामान्य प्रत्यक्ष ज्ञानात येतच नाही. ते नंतरच्या विकल्पाचे, म्हणजे बुद्धीच्या कल्पनेचे, काम आहे. ‘गाय’ या शब्दाने कळतो तो ‘अगाईंहून वेगळेपणा’, म्हणजे अपोह. गोत्वावर त्यांचा आक्षेप थेट आहे : नवे वासरू जन्मले तेव्हा त्याच्यात ते कुठून आले? तिथे आधीपासून होते म्हणावे तर गाईविना होते, आणि दुसऱ्या गाईतून आले म्हणावे तर ती गाय गोत्वाला मुकली का? सामान्य सर्वत्र असते, प्रकट मात्र आपल्या व्यक्तीतच होते, हे यावरचे वास्तववाद्यांचे प्रसिद्ध उत्तर.

पण बौद्ध म्हणतात तसे सामान्य नसेल, तर निरनिराळ्या वस्तूंना आपण एक का समजतो? गुळवेलीसारख्या निरनिराळ्या औषधी ताप उतरवतात, तेवढ्यासाठी त्या सगळ्यांत एक ‘तापहरत्व’ मानावे लागत नाही, असा धर्मकीर्तीचा दृष्टांत आहे. कार्य एक असले की पुरे. हा युक्तिवाद या वादातला सर्वांत बळकट म्हणावा लागेल; तरी याच वनस्पतींनी ताप का उतरतो आणि दही-काकडीने का नाही, हे तो वस्तूंच्या स्वभावावर सोडतो. मीमांसक कुमारिल भट्टांचा हल्ला दुसऱ्या बाजूने आहे : ‘अगाय’ कळण्यासाठी आधी गाय कळायला हवी, म्हणून अपोह चक्रात सापडतो. बौद्ध रत्नकीर्तीने (११वे शतक) ‘अपोहसिद्धी’त उत्तर दिले, की विधान आणि व्यावृत्ती एकाच ज्ञानात एकदमच कळतात.

हा वाद पोथीपुरता राहिला नाही तो ‘ब्राह्मणत्वा’मुळे. ते गोत्वासारखे खरे सामान्य असेल तर माणसांतले भेद निसर्गातच आहेत असे ठरते. बौद्धांनी ते नाकारले. मीमांसकांपैकी प्राभाकर पंथानेही ब्राह्मणत्व ही जाति मानली नाही. कुमारिलांनी मात्र त्याची बाजू घेतली. माणसाकडे नुसते पाहून ब्राह्मणत्व कळत नाही, ही अडचण त्यांना दिसत होती. त्यांचे म्हणणे असे, की काही सामान्ये प्रकट व्हायला साहाय्य लागते : सोने तांब्याहून वेगळे कळते ते रंगाने, वितळलेले तूप तेलाहून वेगळे कळते ते वासाने आणि चवीने, तसे ब्राह्मणत्व जन्मावरून कळते. दृष्टांत इथे तुटतो. तुपाचा वास तुपातच असतो आणि ज्याला कोणी काही सांगितलेले नाही त्यालाही तो येतो. माणसाचे कुळ त्याच्या अंगावर कुठेही नसते. ते दुसऱ्याने सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याने मान्य करावे लागते.