रॉड मिळाला, खुर्ची नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेलं 'म्हणजे, म्हणजे' कापलंय, बाकी सगळं जवळपास तसंच ठेवलंय.

आज इतिहासाची सुरुवात किल्ल्यापासून नाही, एका कागदापासून. हा कागद गेली दोन वर्षं आमच्या मारुंजीच्या घरातल्या कपाटात आहे. विमा कंपनीने क्लेम मिटवताना पाठवलेला हिशोब आहे तो. पेशंट माझा मोठा भाऊ. दादा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये रात्रपाळी करून परत येताना बाईक घसरली. समोर दुसरी गाडी नव्हती, कुणाची चूक नव्हती. कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं थांबलं.

कागदावर ओळी आहेत. कण्यात बसवलेले रॉड आणि स्क्रू: मंजूर. ऑपरेशन थिएटर: मंजूर. आयसीयू: मंजूर. कमरेचा पट्टा: नामंजूर. हवेची गादी: नामंजूर. व्हीलचेअर: नामंजूर.

मी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, ते ट्रीटमेंटमध्ये येत नाही." मला राग आला, पण ती खोटं बोलत नव्हती. जे शरीराच्या आत बसवलं ते उपचार, आणि ज्याच्यावर माणूस आयुष्यभर बसणार ते उपचार नाही. हा नियम आला कुठून? त्याच्या मागे गेलो तेव्हा हा एपिसोड तयार झाला.

पहिला थांबा आपल्याच शेजारी आहे, खडकी. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावून आलेल्या सैनिकांना काहीतरी हुन्नर शिकवावं म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आणि १९२२ मध्ये ती खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झालं. १९७४ मध्ये खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं, कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी.

मुरलीकांत पेटकर हे नाव आता सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झालंय. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पुढे त्यांनी नोकरी केली ती आपल्याच पट्ट्यात, टेल्कोमध्ये.

इथे एक तत्त्व दिसतं. सैनिकाला पाय, काठी, खुर्ची मिळाली ती दया म्हणून नाही. काम करताना इजा झाली, मग ज्याच्यासाठी काम केलं त्याने माणूस पुन्हा उभा करायचा, असा हिशोब होता.

हाच हिशोब कारखान्याला का लागू नाही? जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ मध्ये, कामावरच्या अपघातासाठी विम्याचा कायदा झाला. आपल्याकडे १९२३ मध्ये वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट आला. अपघात झाला तर मालकाने एकरकमी भरपाई द्यायची. पण भरपाई म्हणजे पैसे. कामगार गावी जायचा, पैसे संपायचे, आणि पाय नसलेला माणूस ओसरीवर बसून राहायचा.

मग १९४३ साल. महायुद्ध चालू आहे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आहे. त्या वर्षी सरकारने प्रा. बी. पी. अदारकरांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. आजारपण, बाळंतपण, अपघात या वेगवेगळ्या अडचणींसाठी एकच व्यवस्था, आणि पैसे मालक आणि कामगार दोघांनी भरायचे, अशी दिशा त्यातून ठरत गेली. त्यातूनच एप्रिल १९४८ मध्ये एम्प्लॉईज स्टेट इन्शुरन्स अ‍ॅक्ट झाला. आपण ज्याला नुसतं 'ईएसआय' म्हणतो तो. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली, आणि १९५४ मध्ये ती नागपूर, मुंबईत आली.

स्लिपवर 'ईएसआय' ही कपात दिसली की आपण तोंड वाकडं करतो. मीही करायचो. पण त्यात काय आहे बघा. २०१९ पासून कामगाराकडून पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. त्याबदल्यात हॉस्पिटल तर आहेच. पण कामावरच्या अपघातात कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम दरमहा, आयुष्यभर. त्यासाठी किती महिने हप्ता भरला हे बघत नाहीत, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी चालतं. २०१० च्या दुरुस्तीनंतर घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही कामावरचा धरला जाऊ लागला. आणि वैद्यकीय लाभातच कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र, तिचाकी सायकल, व्हीलचेअर हे सगळं बसतं.

म्हणजे १९४८ च्या कायद्याच्या डोक्यात माणूस होता. बिल नव्हतं.

बिल डोक्यात आलं १९८६ मध्ये. त्या वर्षी सरकारी मालकीच्या चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम नावाची पॉलिसी बाजारात आणली. ज्यांना ईएसआय नाही, म्हणजे मध्यमवर्ग, त्यांच्यासाठी ती होती. कल्पना साधी होती: तुम्ही हॉस्पिटलमध्ये भरती व्हा, खर्च दाखवा, आम्ही देतो. किमान २४ तास भरती ही अट तिथूनच ओळखीची झाली. त्या काळात ही मोठी सोय होती, त्यात वाद नाही. पण या पॉलिसीचं जग हॉस्पिटलच्या दारापाशी संपतं. डिस्चार्जनंतर औषधं आणि तपासण्यांसाठी काही दिवस मिळतात, तेवढंच. घरी आल्यावर माणूस संडासपर्यंत कसा जाणार, हा प्रश्न त्या कागदाने कधी विचारलाच नाही.

पुढे कंपन्या वाढल्या, नियामक आला, नियम एकसारखे झाले. आज बहुतेक पॉलिसींच्या शेवटी ६८ वस्तूंची यादी जोडलेली असते, ज्यांचे पैसे कंपनी सहसा देत नाही. त्यात बेबी फूड आहे, ब्युटी सर्व्हिस आहे. आणि त्याच रांगेत गुडघ्याचा ब्रेस, कमरेचा पट्टा, हवेची गादी, चालायला मदत करणारी साधनंही आहेत. पावडरच्या शेजारी काठी. दादाची खुर्ची तिथेच अडकली.

आता तुम्ही विचाराल, दादा तर कारखान्यात होता, मग ईएसआय का नाही? तर इथे एक आकडा येतो: २१,०००.

ईएसआयला पगाराची मर्यादा आहे. कायदा झाला तेव्हा ती महिना ४०० रुपये होती. वाढत वाढत १ जानेवारी २०१७ पासून २१,००० झाली, अपंग कामगारांसाठी २५,०००. दादाचा पगार एप्रिल २०२२ मध्ये या आकड्याच्या वर गेला. आम्ही पेढे आणले होते. सप्टेंबरला सहामाही संपली तशी कपात थांबली. त्यानंतरही काही महिने उपचाराचा हक्क राहतो, पण तोही २०२३ च्या जूनमध्ये संपला. कंपनीने ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड दिलं. चकचकीत प्रायव्हेट हॉस्पिटलची यादी बघून आई खूश झाली, "आता रांगेत उभं राहायला नको" म्हणाली.

आम्हाला वाटलं आपण एक पायरी वर चढलो. खरं तर आम्ही एका इतिहासातून निघून दुसऱ्या इतिहासात शिरलो होतो. पाच महिन्यांनी अपघात झाला. तोच रस्ता, तीच रात्रपाळी, पण महिन्याची पेन्शन नाही आणि खुर्ची नाही.

सरकारी साधनं देणारी तिसरी वाटही आहे. १९७२ मध्ये कानपूरला अ‍ॅलिम्को ही सरकारी कंपनी झाली, ती व्हीलचेअर, तिचाकी, कुबड्या बनवते. १९८१ पासून केंद्राची एडीआयपी योजना त्या वाटते. पण तिथेही उत्पन्नाची मर्यादा आहे. शिवाय प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यात आमची गंमत अशी की आयटी पार्कला खेटून असलेलं मारुंजी तेव्हा मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत होती. त्यामुळे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या योजना पलीकडच्या वाकडपर्यंत, आणि आम्ही ग्रामपंचायतीच्या दारात. गरिबासाठी एक दार, पगारदारासाठी दुसरं. मधल्याने कुठे जायचं?

आता जे सांगतोय ते एपिसोडमध्ये बोलावं की नाही, यावर दोन दिवस विचार केला.

बाईकच्या मालकाला स्वतःसाठी १५ लाखांचा अपघात विमा घ्यावाच लागतो. २०१८ मध्ये ती रक्कम १ लाखावरून १५ लाख केली गेली. तुमच्याकडे दुसरी तेवढी पॉलिसी असेल तरच सूट मिळते. दादाच्या बाईकचा इन्शुरन्स मोबाईलवर मी रिन्यू केला होता. स्क्रीनवर विचारलं, 'दुसरी पॉलिसी आहे का?' मी 'हो' वर टिक केली. नव्हती. काही शे रुपये वाचले, मला वाटलं हुशारी केली. दोन्ही पाय कायमचे गेले तर त्या कव्हरमध्ये पूर्ण १५ लाख मिळतात, हे मी अपघातानंतर वाचलं.

दादाला हे मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "माझ्या बँकेच्या पासबुकात दरवर्षी वीस रुपये कशाचे कापले जातात ते बघ आधी."

ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे होते. २०१५ मध्ये १२ रुपयांनी सुरू झालेली, २०२२ पासून २० रुपयांची. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही पाय, दोन्ही हात, दोन्ही डोळे निकामी झाले तर २ लाख, एक निकामी झाला तर १ लाख. बिल मागत नाहीत, यादी दाखवत नाहीत. एफआयआर, हॉस्पिटलचे कागद आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयातून काढलेलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र बँकेत दिलं. पैसे आले. दादाची आजची खुर्ची त्यातली आहे.

गोष्ट इथे संपत नाही, कारण पुढचा प्रश्न होता, आता दादाला नवा आरोग्य विमा कोण देणार? नोकरी सुटली तशी ग्रुप पॉलिसीही सुटली. हाच प्रश्न घेऊन व्हीलचेअर वापरणारा एक तरुण दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. त्याला पॉलिसी नाकारली गेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि दिव्यांगांसाठी विमा योजना आणाव्यात. त्यानंतर २७ फेब्रुवारी २०२३ ला आयआरडीएआयने सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलं. काही पॉलिसींमध्ये घरी लागणाऱ्या वैद्यकीय साधनांसाठी वेगळं कव्हरही दिसू लागलंय. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत. त्यात गिग कामगारांचा, म्हणजे रात्री तुमचं जेवण घेऊन येणाऱ्या पोराचाही उल्लेख आहे. त्याच्या वाट्याला बिलाचा विमा येतो की माणसाचा, हे बघायचं.

आता हेडफोन काढायच्या आधी तीन कामं. एक, सॅलरी स्लिपवर ईएसआय कापतात का बघा, आणि ज्या महिन्यात थांबेल त्या महिन्यात स्वतःची अपघात पॉलिसी घ्या. दोन, बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते २० रुपये चालू आहेत का बघा, तुमचे आणि घरच्यांचेही. तीन, बाईकच्या पॉलिसीवर 'ओनर ड्रायव्हर' समोर रक्कम लिहिली आहे की शून्य, ते बघा.

हा एपिसोड रेकॉर्ड केला तेव्हा दादा शेजारच्या खोलीत होता. त्याने ऐकून एकच दुरुस्ती सुचवली. म्हणाला, "पेढे नव्हते रे. जिलेबी होती."