आख्यान ठरलेलं, संवाद मोकळे

धामापूरच्या आसपासच्या जत्रांत रात्र रात्र दशावतार पाहत मी वाढलो. नोकरी सॉफ्टवेअरची, फावला वेळ कथाप्रधान व्हिडिओ गेम्सचा.

१९७६च्या सुमारास विल क्राउदरनं 'कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' लिहिला. पडद्यावर नुसते शब्द. पुढे काय करायचं ते खेळणाऱ्यानं टाइप करायचं. नवी वाट जोडायला चार ओळी पुरत. पुढे अभिनय, आवाज, अ‍ॅनिमेशन आलं आणि प्रत्येक वाट महागली. दोन-दोन पर्यायांचे दहा प्रसंग म्हणजे १,०२४ वाटा. एवढ्या कोण बनवणार? म्हणून फाटे फुटतात आणि गुपचूप पुन्हा एकत्र येतात. २०१२च्या 'मास इफेक्ट ३'चा शेवट चाहत्यांना झोंबला तो यामुळेच: तीन गेम्सभर घेतलेल्या निर्णयांना शेवटी फारशी किंमत उरली नव्हती.

दशावतार असं आमिष दाखवतच नाही. लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात, कारण आज हा राजा काय बोलेल ते कुणालाच माहीत नसतं.

२०१२च्याच 'द वॉकिंग डेड'मध्ये मला हे पुन्हा भेटलं. नायक ली मरणार, ते टळत नाही. त्याला गोळी घालायची की तसंच सोडून जायचं, एवढंच लहानग्या क्लेमेंटाइनला आपण सांगायचं. शेवट ठरलेला होता, तरी माझं बोट बटणावर थबकलं. जत्रेत हे ओझं नटाच्या खांद्यावर असतं. इथे ते माझ्यावर आलं.