वजन उतरविणारी इंजेक्शने आणि दातांचे आरोग्य

वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची इंजेक्शने आता भारतातही मिळतात. टिर्झेपेटाइड हे द्रव्य असलेले 'मौंजारो' मार्च २०२५ मध्ये, तर सेमाग्लुटाइडचे 'वेगोव्ही' त्याच वर्षी जूनमध्ये येथील बाजारात आले. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ या दुष्परिणामांची चर्चा होते. दातांचा विषय मात्र मागे पडतो.

ही औषधे दातांवर थेट घाला घालतात, असे सिद्ध झालेले नाही. परदेशी प्रसारमाध्यमांनी रूढ केलेला 'ओझेम्पिक टीथ' हा शब्दप्रयोग म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे. नुकसान होते ते आडवाटेने. आतड्यातील जीएलपी-१ या संप्रेरकाप्रमाणे काम करणारी ही द्रव्ये भूक मंदावतात व जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. त्यामुळे काहींना, विशेषतः मात्रा वाढविताना, उलट्या होतात किंवा आंबट पाणी घशाशी येते. दातांवरील एनॅमलचे कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते. जठरातील आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असते. ही झीज प्रामुख्याने वरच्या पुढील दातांच्या टाळूकडील बाजूस होते. आरशात ती सहजी दिसत नाही आणि गेलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही.

आम्ल सौम्य करण्याचे काम लाळेचे. परंतु खाणे घटले की चावणे घटते, उलट्यांमुळे शरीरातील पाणीही कमी होते आणि तोंड कोरडे पडते.

आपल्याकडील काही सवयी यात भरच घालतात. उलटी झाल्यावर लगेच खसाखसा दात घासल्यास मऊ पडलेले एनॅमल खरवडले जाते. त्याऐवजी पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात. ब्रश तासाभराने करावा. मळमळीवर लिंबू चोखणे किंवा वजनासाठी रोज सकाळी लिंबूपाणी पिणे म्हणजे दातांवर आम्लाचा दुसरा मारा.

मधुमेही रुग्णांची साखर आटोक्यात आल्यास हिरड्यांना लाभच होतो. त्यामुळे दातांच्या भीतीने इंजेक्शन परस्पर बंद करू नये. दंतवैद्याला मात्र त्याची कल्पना अवश्य द्यावी. गुंगी किंवा पूर्ण भूल देऊन उपचार व्हावयाचे असतील, तर हे अधिकच आवश्यक. कारण रुग्ण उपाशी असूनही जठरात अन्न उरलेले असू शकते आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. केवळ हिरडी बधिर करावयाची असल्यास ही अडचण सहसा येत नाही.