पंख टाकलेले भुंगेरे

स्टॅफिलिनिडी कुळांतील भुंगेरे आमच्या वाचकांनीं कुजलेल्या पानांखालीं पाहिले असतील. वरचे कवचपंख इतके आंखूड, कीं पोट बहुतेक उघडेंच. उडण्याचे पातळ पंख त्यांखालीं घडी करून ठेवलेले. परंतु उंच पर्वतांवरील कित्येक जातींत उडण्याजोगे पंख उरलेलेच नाहींत. असें कां व्हावें?

पहिलें प्रसिद्ध उत्तर डार्विनचें, आणि तें पर्वतांवरून नव्हे, बेटांवरून आलें. वोलॅस्टननें अभ्यासिलेल्या मदीरा बेटांवरील ५५० जातींपैकीं २०० जातींस उडतां येत नव्हतें. उडणारे वाऱ्यानें समुद्रांत पडतात, न उडणारे वांचतात, असें डार्विननें १८५९ सालीं मांडलें. (खुद्द वोलॅस्टनला मात्र त्याचा सिद्धान्त मान्य नव्हता!) पण पर्वतावर समुद्र कोठून आणावा? १९४३ सालीं अमेरिकेंतील डार्लिंग्टन यांनीं कॅरॅबिडी या दुसऱ्या कुळावरून असें प्रतिपादिलें, कीं राहण्याची जागा लहान व स्थिर असली म्हणजे पंखांचें प्रयोजनच सरतें. आम्हांस हेंच अधिक पटतें.

नव्या जातीचें वर्णन करणाऱ्याचें काम यामुळें अवघड होतें. पंख गेले कीं कवचपंख आणखी आंखूड होतात, पोटाच्या सातव्या पाठखंडाच्या कडेची पांढरी झालरही बहुधा नाहींशी होते. एवढ्यानें न उडणारा भुंगेरा ओळखतां येतो, जात ठरत नाहीं. शेजारच्या दोन शिखरांवरील भुंगेरे बाहेरून पुष्कळदां सारखेच दिसतात. नराचें जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें म्हणजेच भेद कळतो, आणि एक नमुना त्या जातीच्या नांवाचा आधार म्हणून संग्रहालयांत ठेवला जातो. ज्या एका डोंगरावर ती राहते तेथील रान तुटलें, तर तिला दुसरीकडे उडून जातां येत नाहीं. मागें राहतो तो तेवढा नमुना.