शिकागोची शाळा-भूमी : संरक्षण आणि विनियोग

सार्वजनिक शाळांसाठी राखून ठेवलेली भूमी नगराच्या वाढीपुढे टिकत का नाही, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः कायद्याच्या उल्लंघनात शोधले जाते. शिकागो नगराचा इतिहास निराळी दिशा दाखवितो. तेथे जमीन गेली ती कायद्याच्या चौकटीत, आणि नागरिकांच्याच मागणीवरून.

अमेरिकेच्या १७८५ च्या भूमी-अध्यादेशान्वये प्रत्येक टाउनशिपचे ३६ विभाग पाडण्यात येत. प्रत्येक विभाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा असे. त्यांपैकी सोळावा विभाग सार्वजनिक शाळांच्या निर्वाहासाठी राखून ठेवावा, असा दंडक होता. इलिनॉय राज्यास ही तरतूद १८१८ साली लागू झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे : या विभागावर शाळा उभी राहिलीच पाहिजे, असा दंडकाचा आशय नव्हता. जमिनीपासून शाळांना उत्पन्न मिळावे, एवढाच हेतू होता. जमीन हे साधन ठरले आणि पैसा हे साध्य. पुढील अनर्थाचे बीज या भेदात आहे.

शिकागोतील सोळावा विभाग मॅडिसन, स्टेट, हॅल्स्टेड व बारावा रस्ता यांच्या दरम्यान होता. १८३३ साली गावाची वस्ती जेमतेम काही शेकड्यांची होती. परंतु नियोजित कालव्याच्या वार्तेने जमिनीच्या भावास तेजी आली होती. ९५ रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात १४२ भूखंडांपैकी १३८ भूखंड लिलावाने विकले गेले. एकूण किंमत ३९ हजार डॉलरांच्या आत, म्हणजे एकरी सरासरी सुमारे ६० डॉलर आली. सरकारी जमिनीचा किमान दर त्या वेळी एकरी सव्वा डॉलर होता, हे लक्षात घेता विक्रेत्यांस केवळ मूर्ख ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्यांची चूक भाव ठरविण्यात नव्हती. भावी पिढ्यांचा हक्क एका पिढीने एकदाच वटवून घेतला, यात होती. १८९० साली त्याच नगराची लोकसंख्या दहा लाखांवर गेली होती, आणि विकलेल्या भूमीचा मोठा भाग व्यापारी केंद्रात मोडत होता.

उरलेल्या चार भूखंडांपैकी स्टेट व मॅडिसन रस्त्यांलगतचा भूखंड शिक्षण मंडळाने १८८० साली तुकड्यांनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिला. ठरावीक काळाने फेरमूल्यांकन करून भाडे वाढवावे, अशी त्यांत अट होती. १८९५ साली मंडळाने काही पट्ट्यांतून ही अटच काढून टाकली व मुदत १९८५ पर्यंत वाढविली. लाभधारकांत ‘ट्रिब्यून’ या वृत्तपत्राची कंपनीही होती. मार्गारेट हेली यांच्या नेतृत्वाखाली शिक्षक संघाने या व्यवहारांविरुद्ध चळवळ केली. तथापि पट्टे रद्द झाले नाहीत. जमीन नावाने शाळांची राहिली. वाढत्या मूल्याचा लाभ मात्र भाडेकरूंकडे गेला.

यावरून निष्पन्न होते ते असे की, केवळ मालकी राखल्याने शाळा-भूमीचे रक्षण होत नाही, आणि विक्रीस बंदी केल्यानेही ते पूर्ण होत नाही. तिचा विनियोग बदलण्याचा अधिकार कोणास, कोणत्या अटींवर व किती काळासाठी असावा, याचे नियमन हेच संरक्षणाचे खरे मर्म होय.