हवेच्या दाबावर धावलेली गाडी

नव्या यंत्राचे काम दोन ठिकाणी चालते : कारखान्यात आणि लोकांच्या मनात. मनातले काम आधी पुरे होते. त्याचे मोल कोण देतो, हे इंग्लंडातील एका जुन्या हकीगतीवरून दिसते.

१८४५ च्या सुमारास तेथे रेल्वेच्या शेअरांचे वेड पसरले होते. धूर आणि ठिणग्यांना प्रवासी कंटाळलेले. अशा वेळी ‘वातदाबाची रेल्वे’ पुढे आली. रुळांमध्ये लोखंडी नळ घालावयाचा, दर काही मैलांवरील पंपघराने त्यातील हवा ओढून घ्यावयाची; म्हणजे मागच्या हवेच्या दाबाने नळातील दट्ट्या पुढे सरके आणि त्याला जोडलेली गाडी धावू लागे. एंजिन नको, धूर नको! आयर्लंडात डॉकी येथे पावणेदोन मैल ती चालू होती. रॉबर्ट स्टीफन्सनने ती तपासून १८४४ साली प्रतिकूल मत दिले. पण त्याच वर्षी ब्रुनेलच्या शब्दावर साउथ डेव्हन कंपनीने ती स्वीकारली.

सप्टेंबर १८४७ मध्ये गाड्या सुरू झाल्या. लोक खूष झाले. परंतु दट्ट्याचा दांडा बाहेर येण्यासाठी नळाच्या माथ्यावर सलग फट होती, आणि ती झाकणारी कातड्याची पट्टी टिकेना. थंडीत ती ताठरे, उन्हाने सुके, लोखंडाच्या संगतीने कुजे. माणसे तिला चरबी चोपडीत राहिली, तरी हवा आत शिरतच राहिली. सप्टेंबर १८४८ मध्ये सारे बंद पडले. चार लाख पौंडांच्या वर रक्कम खर्ची पडली होती.

भागधारकांचे नुकसान हिशेबात लिहिले गेले. दुसरे नुकसान लिहिले गेले नाही. हवेची गाडी सहज चढेल या भरवशावर न्यूटनपुढचा मार्ग खड्या चढांचा आखला होता. काही ठिकाणी सुमारे ४० फुटांना १ फूट. तेथे हवेची गाडी कधी धावलीच नाही. ते चढ वाफेच्या एंजिनांच्या वाट्याला आले, आणि पुढे शंभरावर वर्षे फायरमनांनी तेथे कोळसा ओढला.

मूळ कल्पना मात्र खोटी नव्हती. शक्ती एका जागी निर्माण करून मार्गावरून गाडीला पुरवावयाची, हेच पुढे विजेने साधले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्याला विजेची गाडी गेली ती याच तत्त्वावर. उणीव होती ती कातडे पारखण्याची. ते वर्षभर उन्हापावसात ठेवून पाहावयास कोणाला सवड नव्हती; गिऱ्हाईक, भागधारक, एंजिनियर सारेच घाईत होते.

म्हणून नव्याचे स्वागत जरूर करावे. पण जो रोज त्या पट्टीला चरबी चोपडतो, त्याला आधी विचारावे.