बारा फोटोंचा रोल: होमाई व्यारावालांच्या कॅमेऱ्यामागचा हिशेब

आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा सगळा मजकूर.

९ डिसेंबर २०१७ला तुम्ही गूगल उघडलं असेल, तर हातात कॅमेरा घेतलेल्या एका बाईचं डूडल दिसलं असेल. ते काढलं होतं मुंबईच्या समीर कुलावूर यांनी. आणि त्या बाई म्हणजे होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या दिवशी त्यांचा १०४वा जन्मदिवस होता.

‘पहिल्या महिला’ एवढं म्हणून आपण पुढे सरकतो. मला मात्र त्यांच्या कामाबद्दल बोलायचंय. रोज सामान उचलून पोटासाठी फोटो काढायला बाहेर पडणारी ही बाई नेमकं काय करायची, कशाने करायची आणि कधी थांबायची?

सुरुवात मुंबईतून. होमाईंचा जन्म १९१३चा, नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत. शिक्षण मुंबईत झालं, पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, जे नंतर त्यांचे पती झाले. फोटो कसा बघायचा, हे त्या बऱ्याच अंशी जुन्या बाजारात मिळणाऱ्या ‘लाइफ’ मासिकाच्या अंकांतून शिकल्या. आज आपण इन्स्टावर बोट सरकवत बसतो, त्या सेकंडहँड अंक उलटत बसायच्या. फरक एवढाच, की अंक संपायचा. मग तेच पान पुन्हा बघायचं: उजेड कुठून आलाय, माणूस चौकटीत कुठे उभा आहे, मागे काय दिसतंय. माझी पहिली टिप इथेच आहे. आवडलेला एक फोटो घ्या आणि पाच मिनिटं नुसता बघा.

त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने, कारण बाईच्या नावाला तेव्हा किंमत नव्हती. पुढे त्यांनी टोपणनाव घेतलं ‘डालडा १३’. हो, वनस्पती तुपाचा डालडा! जन्म १९१३चा, माणेकशांची पहिली भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. झालं नाव तयार.

गंमत बघा. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन फिरतेय म्हटल्यावर लोकांना वाटायचं, ही काहीतरी हौस करतेय. कोणी मनावरच घ्यायचं नाही. होमाईंनी नंतर मुलाखतीत सांगितलं, की याचा त्यांना फायदाच झाला. जिथे इतरांना अडवलं असतं, तिथे त्या सहज जाऊन फोटो काढून यायच्या. समोरच्याने कमी लेखलं, तर ती जागा त्यांनी कामासाठी वापरली.

१९४२मध्ये दोघं दिल्लीला गेले, ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात नोकरीला. तिथून पुढची जवळजवळ तीस वर्षं होमाईंनी दिल्ली टिपली, बऱ्याचदा सायकलवरून फिरत.

आता सामानाकडे येऊ. त्यांचा लाडका कॅमेरा रोलीफ्लेक्स. याला पुढे दोन भिंगं असतात, वरचं बघायला आणि खालचं फोटो घ्यायला. कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत चित्र उलटं दिसतं, म्हणजे डावीकडचा माणूस उजवीकडे. माणूस डावीकडे सरकला, की काचेत तो उजवीकडे सरकतो. हाताला सवय व्हायला वेळ लागतो.

पण या गैरसोयीत दोन फायदे आहेत. कॅमेरा खालून बघतो, त्यामुळे समोरची व्यक्ती भारदस्त दिसते. आणि फोटो काढणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नाही, त्यामुळे समोरचा फारसा अवघडत नाही. आपल्यासाठी टिप सोपी आहे. फोन कमरेच्या उंचीवर आणा आणि तिथून एक फोटो घेऊन बघा. तेच घर, तीच आजी, पण फोटो वेगळा येईल.

दुसरा कॅमेरा स्पीड ग्राफिक. मोठा आणि जड. यात रोलऐवजी फिल्मचे सुटे तुकडे असतात, एका धारकात दोन. एक काढला, की उलटवून दुसरा. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटतो. नंतर तो जळलेला, तापलेला बल्ब काढून नवा बसवायचा. गर्दीत, धक्के खात, समोर व्हाइसरॉय चालत जात असताना!

आणि मुख्य हिशेब हा: रोलीफ्लेक्सच्या एका रोलमध्ये बारा फोटो. फक्त बारा. माझ्या फोनच्या गॅलरीत आत्ता ११ हजारांहून जास्त आहेत. बाराच असतील, तर आधी ठरवावं लागतं. नेते कुठल्या दाराने येणार, कोणाशी हात मिळवणार, उजेड कुठे असणार. होमाईंचं निम्मं काम बटण दाबायच्या आधीच झालेलं असायचं.

म्हणूनच त्यांचे नेहरूंचे फोटो इतके जिवंत वाटतात. कबुतर सोडतानाचे नेहरू. स्वतःच्या ओठांत सिगारेट असताना ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवणारे नेहरू. आणि ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ अशा पाटीशेजारी विमानतळावर उभे असलेले नेहरू! भाषणाच्या आगेमागे जो माणूस दिसतो, त्याची वाट बघायची, ही त्यांची खरी कला.

वाट बघण्याला दुसरी बाजूही आहे. जून १९४७मध्ये काँग्रेसच्या ज्या बैठकीत फाळणीच्या बाजूने हात वर झाले, तिथे होमाई होत्या. ते हात आपल्याला आज दिसतात, कारण त्या तिथे होत्या. ३० जानेवारी १९४८च्या संध्याकाळी मात्र त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या, तेवढ्यात माणेकशांनी थांबवलं. उद्या दोघं मिळून जाऊ, म्हणाले. तो ‘उद्या’ आलाच नाही. पुढे गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो त्यांनी काढले, पण त्या संध्याकाळची हुरहुर आयुष्यभर राहिली. उत्तम कॅमेरा, उत्तम हात, सगळं खरं. पण आधी तिथे असावं लागतं.

आणि शेवटचा धडा मला सगळ्यात अवघड वाटतो. १९६९मध्ये माणेकशा गेले. १९७०मध्ये होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला, तो कायमचा. वय ५६-५७. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्या पिढीतले छायाचित्रकार नियम पाळायचे, नीट कपडे घालून जायचे, एकमेकांचा मान ठेवायचे. पुढे झटपट पैशांसाठी धक्काबुक्की सुरू झाली, आणि असं काम करण्यात त्यांना अर्थ वाटेना.

मला हा निर्णय नेहमी छळतो. त्या थांबल्यामुळे पुढच्या चाळीस वर्षांचा देश त्यांच्या नजरेतून आपल्याला दिसला नाही, हे नुकसान आपलं आहे. पण आज रस्त्यावर अपघात झाला, की पहिले दहा हात फोनकडे जातात, तेव्हा वाटतं, या बाईंना काहीतरी आधीच दिसलं होतं. कुठे फोटो घ्यायचा, हे त्यांना कळत होतं. कुठे कॅमेरा खाली ठेवायचा, हेही कळत होतं.

पुढे त्या वडोदऱ्यात शांतपणे राहिल्या. फोटोंचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला. २०११मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ला, वयाच्या ९८व्या वर्षी, त्या गेल्या.

तर मंडळी, या रविवारचा गृहपाठ. दिवसभरात फक्त बारा फोटो. डिलीट करून तेरावा घ्यायचा नाही. काढण्याआधी समोरच्या माणसाला विचारा आणि तो नको म्हणाला, तर फोन खिशात. संध्याकाळी ते बारा फोटो नीट बघा आणि त्यातला एक मला पाठवा. सोबत एका ओळीत हेही लिहा, की कुठला फोटो तुम्ही मुद्दाम काढला नाहीत. मला त्याचीच जास्त उत्सुकता आहे.

भेटूया पुढच्या भागात!